मावशीला विचारा : वधस्तंभ उचलायचा म्हणजे नक्की काय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आत्मत्यागाबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा. आता पस्तावतेय, कारण पत्रं तर आलीच पण व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पण आले, त्यातला एक साडेनऊ मिनिटांचा. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, पाच घेतलेत. नवीन वाचकांसाठी एक सांगते, मला बरेच जण "आदरणीय सिस्टर" असं लिहितात आणि मग कुठल्या कॉन्व्हेंटची म्हणून विचारतात, तर मी नन नाही, नर्स होते, ३४ वर्षं ड्युटी केली आणि आता घरी आहे. धर्मशास्त्राची डिग्री नाही माझ्याकडे. जिथे पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारायला पाहिजे तिथे मी तसं सांगून मोकळी होते.

प्रश्न : मावशींना सलाम. माझ्या लग्नाला १९ वर्षं झाली. सासूबाईंना ३ वर्षांपूर्वी पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. सगळं अंथरुणातच करावं लागतं आणि ते मीच करते. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला असतात. मोठे दीर पुण्याला, मंडळीच्या कमिटीवर आहेत, चर्चचं बांधकाम त्यांच्याकडे आहे म्हणून त्यांना यायला जमत नाही. धाकटी जाऊ गावातच आहे पण तिला नीट जमत नाही म्हणून मीच तिला करू देत नाही. महिला मंडळात सगळ्या म्हणतात प्रभूने तुला हा वधस्तंभ दिलाय, आनंदाने उचल. मागच्या आठवड्यात त्या तोंड उघडेनात तर मी चमचा जोरात आत ढकलला. त्यांना ठसका लागला. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझी प्रीती आटली का? मी ढोंगी ख्रिस्ती आहे का? — एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : बाई गं, आधी मला सांग, तू शेवटची सलग सहा तास कधी झोपलीस? हे मी वळसा घालायला विचारत नाहीये. एलीया संदेष्टा आठव, १ राजे १९ वा अध्याय. एवढा मोठा माणूस, झुडपाखाली बसून म्हणतो की देवा आता पुरे, माझा जीव घे. आणि देव काय करतो, प्रवचन देत नाही, तुझा विश्वास कमी पडला म्हणत नाही, त्याला झोपू देतो, दूत पाठवून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं समोर ठेवतो, तो खातो आणि परत झोपतो, मग परत खायला देतो. पुढचं सगळं बोलणं त्यानंतर. तर तुझी प्रीती आटली की झोप आटली हे आधी बघू, मला विचारशील तर झोप.

चमच्याबद्दल मी गोड बोलणार नाही. ते धोक्याचं होतं. झटका आलेल्या माणसाचं गिळणं पुष्कळदा बिघडलेलं असतं, घास श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांना पाठीला उशा लावून सरळ बसवूनच भरव, चांगल्या बाजूने थोडं थोडं दे, पातळ पाण्यासारखं सरकत असेल तर जरा घट्ट कर, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नकोस. तोंड उघडत नव्हत्या म्हणजे हट्टच असेल असं नाही, गिळायची भीती पण असते, डॉक्टरांना एकदा दाखवून घे. आणि दुसरं, बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं. कित्येकांना सगळं कळत असतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. म्हणून जा आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन सांग की आई, त्या दिवशी माझं चुकलं. मी वॉर्डात हे केलेलं आहे. पेशंटवर ओरडले होते आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, त्या आजींनी फक्त हात दाबला. ढोंगी बाई बाथरूममध्ये जाऊन रडत नाही, ती महिला मंडळात जाऊन साक्ष देते.

आता त्या वधस्तंभाचं. लूक ९:२३ काढून बघ. प्रभू म्हणतो की जो माझ्यामागे येऊ पाहतो त्याने आत्मत्याग करावा आणि दररोज आपला वधस्तंभ उचलावा. त्याने उचलावा. दुसऱ्याने त्याच्या खांद्यावर ठेवावा असं नाही म्हटलेलं. आपल्याकडे झालंय असं की आजारपण, दारुडा नवरा, कर्ज, शेजाऱ्याचं भांडण, जे काही टळत नाही त्याला वधस्तंभ म्हणायचं आणि ज्याच्या वाट्याला आलं त्याला आनंदाने उचल सांगून आपण चहा प्यायला मोकळे. सासूबाईंचा पॅरॅलिसिस हा आजार आहे. वधस्तंभ त्यात कुठे असेल तर तू रोज उठून त्यांची कूस बदलतेस त्या निवडीत आहे, आणि ती निवड तू केलीस म्हणून ती प्रीती आहे. बाकीच्यांनी काहीच निवडलेलं नाही, त्यांनी फक्त तुझ्या निवडीचा फायदा घेतलाय.

आणि येशूचा स्वतःचा वधस्तंभ सुद्धा सगळी वाट त्याने एकट्याने वाहिला नाही हे आपण गुड फ्रायडेला दरवर्षी वाचतो आणि विसरतो. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, त्याला धरून त्याच्या खांद्यावर दिला. शिमोनाला कुणी विचारलं नव्हतं, पण खांदा तर मिळाला ना. तुझ्या घरात तीन शिमोन आहेत, एक शिफ्टला, एक पुण्याला आणि एक गावातच.

तुझे मोठे दीर कमिटीवर आहेत म्हणतेस तर त्यांना मार्क ७ चा अध्याय पाठ असेल. नसेल तर तू पाठव. परूशी म्हणजे त्या वेळचे धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, ते काय करायचे, आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं म्हणायचे, कुर्बान म्हणायचे, म्हणजे मग आईबापांसाठी काही करायला नको. येशू त्यांच्यावर जेवढा चिडलाय तेवढा जकातदारांवर पण चिडलेला मला आठवत नाही. चर्चचं बांधकाम चांगलंच काम आहे, पण स्वतःच्या आईला तीन वर्षं न बघता केलेलं बांधकाम म्हणजे कुर्बानच की. हे त्यांना भांडून नको सांगूस. मिस्टरांना बरोबर घे, वहीत खर्च लिही, डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दिवसा चार तासांसाठी बाई ठेवली तर तिचा पगार, आणि तीन भावांत तीन भाग कर. महिन्यातला एक शनिवार-रविवार त्यांनी येऊन राहायचं. आईवडिलांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा पण आहे, त्याची भाषा करायची वेळ येऊ नये, पण आहे हे माहीत असू दे.

आणि आता तुला बोलते, रागावू नकोस. तू लिहिलंस की जावेला नीट जमत नाही म्हणून मीच करू देत नाही. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा इथेच अडकले. आत्मत्याग म्हणजे स्वतःला नाही म्हणायचं, बरोबर? मग तुझ्यातल्या कुठल्या "मी" ला नाही म्हणायचंय, थकलेल्या मीला? ती तर आधीच चिरडून गेलीय. नाही म्हणायचंय ते "माझ्यासारखं कुणालाच जमत नाही" म्हणणाऱ्या मीला. मला हे माहीत आहे कारण मी वीस वर्षं ज्युनियर नर्सेसना चादर पण नीट घालू दिली नाही, माझ्याच हाताने घालायचे, आणि वर देवाला सांगायचे की बघ मी किती राबते. मोशेचं पण तेच झालेलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसायचा, निर्गम १८, तेव्हा त्याच्या सासऱ्याने त्याला सांगितलं की हे काही तू चांगलं करत नाहीस, तू पण झिजशील आणि लोक पण. सासऱ्याने सांगितलं आणि त्याने ऐकलं, हाच मला मोठा चमत्कार वाटतो.

तर जावेला शिकव. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाल झालेली जागा चोळायची नाही, तिच्यावर दाब येऊ द्यायचा नाही, एअर बेड असेल तर उत्तम. ती वाकडीतिकडी करेल. करू दे. ती करत असताना तू त्या खोलीत थांबू नकोस.

प्रश्न : हाय मावशी, मी वसईचा, २३ वय. उपवासकाळात मी मटण-चिकन, बियर आणि इन्स्टा सोडलं होतं, ४० दिवस एकदम कडक. ईस्टरच्या मिस्सानंतर घरी आलो, मटण खाल्लं, रात्री इन्स्टा उघडलं ते पहाटे तीनला बंद केलं. म्हणजे सगळं जिथल्या तिथे. मग केलं कशाला असं वाटतंय. याने आध्यात्मिक वाढ होते का खरंच? — एक तरुण

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून हसले, कारण मी पण असंच एका वर्षी चहा सोडला होता आणि चाळीस दिवस घरातल्या सगळ्यांवर एवढी खेकसले की माझ्या आईने शेवटी कप भरून समोर ठेवला आणि म्हणाली पी, आमचा उपवास सुटू दे.

आधी हिशोब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेस तर ४६ दिवस होतात, मधले सहा रविवार वगळले की ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून तो उपवासात धरत नाहीत. आणि तुमच्या कॅथलिक चर्चने सक्तीचे उपवास फार थोडे ठेवलेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्या लोकांना, मांस वर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. म्हणजे बाकीचं जे तू केलंस ते तुझ्या मनाने केलंस, त्याचं मला कौतुकच आहे.

पण मला एक सांग, मटण सोडल्यावर त्या चाळीस दिवसांत घरी काय शिजत होतं? वसईत माझ्या मैत्रिणी आहेत म्हणून विचारते. शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट आणि कोलंबी, आणि पापलेटचा भाव तू मला सांगू नकोस. नियम पाळला, खिशाला जास्त बसली, आणि जीभ तर खूशच. यशया ५८ मध्ये लोक देवाला हेच विचारतात की आम्ही उपवास करतो तो तुला दिसत कसा नाही, आणि देव सांगतो की उपवासाच्या दिवशी सुद्धा तुम्ही तुमच्या मजुरांना पिळून घेता. मला पाहिजे तो उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, ज्याला घर नाही त्याला घरी आणणं, आणि आपल्याच माणसापासून तोंड न लपवणं. हे शेवटचं मला नेहमी बोचतं. परक्या गरिबाला देणं सोपं आहे.

माझं मत असं की तू सोडलंस पण त्या जागी काही ठेवलं नाहीस. इन्स्टाचे दोन तास मोकळे झाले, त्यात काय केलंस? पत्रात काहीच नाही म्हणजे बहुतेक यूट्यूब. बियरचे पैसे वाचले ते कुठे गेले? मत्तय १२ मध्ये प्रभूने सांगितलंय की अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-पुसून रिकामं राहिलं, तर तो परत येतो आणि आणखी सात जणांना घेऊन येतो. तुझं पहाटे तीन वाजताचं इन्स्टा म्हणजे तेच सात जण.

पुढच्या उपवासकाळाची वाट बघू नकोस. एकच गोष्ट सोड आणि तिच्या जागी एकच गोष्ट धर. दर शुक्रवारी संध्याकाळी दोन तास, फोन घरी ठेवून, तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, कुणी म्हातारं एकटं राहत असेल त्याच्याकडे जा. वसईत हल्ली किती बंगल्यांत फक्त आजी-आजोबा उरलेत, मुलं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला. त्यांना बँकेचं ॲप दाखव, विहिरीची मोटर दुरुस्त करून दे, नुसतं बसून त्यांच्या जुन्या केळीच्या वाडीच्या गोष्टी ऐक, त्याच गोष्टी ते दहा वेळा सांगतात, दहाही वेळा ऐक. चाळीस दिवसांच्या मटणापेक्षा दहावी वेळ अवघड आहे, मी सांगते तुला.

प्रश्न : चर्चला द्यायचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, ग्रॉस सॅलरीवर द्यायचा की इनहॅण्डवर? पीएफ कापला जातो त्याचं काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : भाऊ, हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो. परूशी पुदिना, शेप आणि जिऱ्याचा सुद्धा दशांश द्यायचे, आणि प्रभू त्यांना म्हणाला की ते सोडू नका पण न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्यात. पौल करिंथकरांना लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुर न करता. टक्केवारी तो सांगत नाही. इनहॅण्डवर द्या, पीएफ मिळेल तेव्हा त्याचं बघा, आणि धुणीभांडीवाल्या मावशींचा पगार एक तारखेला देताय ना ते तेवढं बघा, मजुरी अडवून ठेवण्याबद्दल याकोब ५:४ वाचा.

प्रश्न : जय ख्रिस्त मावशी. माझा मुलगा अंधेरीला आयटीत आहे, त्याने लग्नासाठी मुलगी पसंत केलीय. मुलगी श्रीरामपूरकडची, ख्रिस्ती आहे पण प्रोटेस्टंट, नर्स आहे, स्वभावाने चांगली वाटली. आमची काही हरकत नाही परंतु नातेवाईक म्हणतात की आपल्या समाजातली नाही, त्यांचं मूळ काय कुणास ठाऊक, आपण पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहोत. प्रीती करा हे ठीक आहे पण सोयरीक म्हणजे वेगळं ना. मी काय करू? — एक आई, वसई

उत्तर : ताई, नर्स आहे म्हटल्यावर मी तिच्याच बाजूने बोलणार, हे आधीच सांगून ठेवते.

चर्चची अडचण म्हणाल तर ती सोडवता येते. कॅथलिक आणि दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं लग्न होऊ शकतं, बिशपांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते, कॅथलिक बाजूने आपली श्रद्धा टिकवायचं आणि मुलांना कॅथलिक वाढवायचा प्रयत्न करायचं वचन द्यावं लागतं, आणि तिला त्याची कल्पना द्यावी लागते. फॉर्म, कागदपत्रं, विवाहपूर्व कोर्स, हे सगळं तुमच्या फादरना लवकर जाऊन विचारा, शेवटच्या महिन्यात धावपळ नको. मुलं कुठल्या चर्चमध्ये जातील हे दोघांनी आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्यावं, तिच्या आईवडिलांना पण ते जड जाणार आहे हे विसरू नका.

पण तुमचा प्रश्न परवानगीचा नाहीच. तुम्ही "परंतु" लिहिलंय आणि त्याच्या पुढे नातेवाईकांना उभं केलंय. त्या परंतुच्या पुढे जे आहे ते एकदा दार लावून मोठ्याने स्वतःच्या तोंडाने बोलून बघा. जात. शब्द तोच आहे. वसईतच सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्यात एकाच चर्चमध्ये बसून किती वर्षं सोयरीक होत नव्हती हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आमच्याकडे पण काही कमी नाही, नगरकडच्या मंडळ्यांत अजून लग्न जमवताना हळूच विचारतात की मूळचे कुठले, आणि गावाचं नाव सांगितलं तर म्हणतात तसं नाही हो.

पिढ्यान्‌पिढ्याचं म्हणाल तर पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई आली १५३४ ला, अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ ला. म्हणजे तुमची आमच्यापेक्षा तीनशे वर्षांची सिनियॉरिटी, मान्य. १७३९ ला किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, तरी तुमच्या लोकांनी श्रद्धा धरून ठेवली त्याचा मला मनापासून आदर आहे. पण आमच्याकडे ज्या महार-मांग घरांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना गावाच्या विहिरीवर पाणी नव्हतं, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर काय ते लगेच मिळालं असं पण नाही. त्यांनी कशासाठी काय सोसलं हे देवाला माहीत. प्रभूच्या दाखल्यात संध्याकाळी पाचला द्राक्षमळ्यात आलेल्या मजुराला पण पूर्ण दिनार, म्हणजे दिवसभराची मजुरी मिळाली, आणि कुरकुर कुणी केली, सकाळी आलेल्यांनी.

लक्ष्मीबाई टिळक तुम्ही शाळेत वाचल्या असतील. १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळल्याच होत्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर नवऱ्याजवळ आल्या तरी आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग एक दिवस त्यांच्याच मनात विचार सुरू झाला की ही जात देवाने केली का माणसाने, आणि विचार करत करत ती गाठ आतून सुटली, मग कुणाच्याही हातचं खाल्लं. १९०० ला त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला. मला त्यातलं आवडतं ते हे की आधी जात गेली आणि मग बाप्तिस्मा झाला. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा बाप्तिस्मा तान्हेपणी उरकला आणि जात तशीच राहून गेली.

प्रीती ठीक पण सोयरीक वेगळी, असं म्हणता तुम्ही. ताई, ज्या प्रीतीत आपलं काहीच जात नाही ती करायला बाप्तिस्मा कशाला लागतो. तुमच्या बाबतीत आत्मत्याग म्हणजे गळ्यातली चेन विकून देणं नाही, समाजात "यांच्या मुलाने काय केलं बघा" हे ऐकून घेणं एवढाच आहे, आणि तोही वर्षभर, पहिलं नातवंड झालं की लोक बारशाच्या जेवणाबद्दल बोलतील. श्रीरामपूरला जा तुम्ही स्वतः, मुलाला पाठवू नका एकट्याला. आणि तिच्या आईकडे जेवून या.

प्रश्न : मावशी, सप्रेम सलाम. मी ५४ वर्षांचा आहे, ३० वर्षं मंडळीत सेवा करतो, क्वायर, संडे स्कूल, सगळं झालं. पण आतून कोरडा आहे. आमच्याकडे उपासनेत लोक रडतात, हात वर करतात, मला काहीच होत नाही. प्रार्थना म्हणजे नुसतं तोंडपाठ झालंय. माझी आध्यात्मिक वाढ खुंटली का? काय वाचू? ता. क. गावाकडची शेती आहे, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाशी २ वर्षं बोलणं नाही, ते सोडून बाकी सगळं ठीक आहे. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : दादा, रडू येणं आणि वाढ होणं याचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. काहींना येतं, खरं येतं, मी त्यांना हसत नाही. १९०५ ला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र-रात्र प्रार्थनेत रडत होत्या, त्याची आठवण अजून काढतात. पण त्याच केडगावात त्याच वेळी शेकडो जणींचा स्वयंपाक होत होता, माग चालत होते, छापखाना चालत होता, आणि पंडिता रमाबाईंना मी जेवढं वाचलंय त्यावरून त्यांना दोन्हीत फरक वाटत नसावा.

रमाबाईंचं तुम्हाला मुद्दाम सांगते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये. एवढी विद्वान बाई, संस्कृतात तर पंडितांनी मानलेली, आणि त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, ते कळायला आठ-एक वर्षं गेली. हे कबूल करायला किती धाडस लागत असेल, तोपर्यंत त्यांचं नाव परदेशात पण झालं होतं. नंतर दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुलींना घेऊन आल्या, म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी काम सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. कोरडे दिवस त्यांना आले नसतील असं मला तरी वाटत नाही, पण सकाळी उठून कुठल्या तरी मुलीच्या डोक्यातल्या उवा काढायच्याच होत्या.

तर काय वाचू म्हणता, सध्या काही नका वाचू. तोंडपाठ प्रार्थना पण टाकू नका, वॉर्डात मरायला टेकलेली माणसं मी बघितलीत, बाकी सगळं विसरलेली असतात आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" मात्र ओठांवर असतं. तोंडपाठ असण्याला काही कमी समजू नका.

पण दादा, नर्सला एक सवय लागते. पेशंट तपासणीत सगळं सांगतो, डोकं दुखतं, पोट दुखतं, आणि उठून दारापर्यंत गेला की वळून म्हणतो, अजून एक होतं सिस्टर, काही विशेष नाही. खरं दुखणं ते असतं. तुम्ही ता. क. लिहिलंय. त्याच तोंडपाठ प्रार्थनेत "जशी आम्ही आपल्या ऋण्यांना सूट दिली आहे" ही ओळ तुम्ही दोन वर्षं रोज म्हणताय, आणि वर विचारताय की कोरडं का वाटतं. विहीर तुमची आटलेली नाही, पाळी अडलीय. मत्तय ५ मध्ये सांगितलंय की वेदीजवळ दान न्यायचं आणि तिथे भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करायचा. भावाच्या मनात, नीट वाचा, आपल्या मनात नाही. म्हणजे चूक कुणाची हा हिशोब तिथे घेतलेलाच नाही.

पाण्याचं काय ते तलाठ्याकडे, वकिलाकडे, पंचांसमोर नंतर ठरवा, हक्क सोडा असं मी म्हणत नाही, मोटर किती तास चालवायची ते कागदावर लिहून घेतलेलंच बरं असतं. पण ते बोलण्याआधी साधं बोलणं सुरू करा. फोन केला तर तो कदाचित उचलणार नाही, मग परत करा. तरी नाही उचलला तर एका रविवारी क्वायरला दांडी मारा, तुमच्याशिवाय ते लोक गातील, आणि सकाळच्या एसटीने गावी जा. पुतण्यांना खाऊ न्या. वहिनी चहा टाकतील, पाण्याचा विषय भाऊ काढेल, तुम्ही काढू नका.